स्विफ्टचे टायर : १४ इंचांवरून १५ इंचांवर (प्रकल्प नोंदी)

१२ एप्रिल २०२५

गाडी मारुती स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, २०१४ ची. सध्या १६५/८० आर १४ टायर आहेत, स्टीलच्या पाच जे डिस्कवर (डिस्क म्हणजे टायर ज्यावर बसतो ते धातूचं चाक, पाच जे ही तिची रुंदी). पुढचे दोन्ही टायर झिजून खाचांमधल्या उंचवट्यांना टेकलेत. हे आडवे उंचवटे १.६ मिमीचे असतात आणि नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत चारचाकीसाठी किमान खोली तेवढीच सांगितली आहे. मागचे दोन टायर दिसायला बरे आहेत, पण साइडवॉलवर शेवटचे चार अंक ३२१८, म्हणजे २०१८ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेले. रबर कडक झालंय आणि डिस्कच्या कडेलगत बारीक भेगा आहेत. चारही बदलायचेच आहेत, तर साईजचाही निर्णय आत्ताच घ्यायचा.

गाडी रोज साताऱ्यात फिरते आणि अधूनमधून चिपळूणला जाते : उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट. उंच आणि अरुंद टायरचा त्रास घाटात जाणवतो. स्टिअरिंग फिरवलं की गाडी आधी कलते आणि मग वळते, कारण रस्ता आणि डिस्क यांच्यामधली रबराची भिंत आधी वाकते. पण पाटणच्या पुढच्या खड्ड्यांत हीच उंच भिंत डिस्क वाचवते. ही भिंत किती कमी करायची, एवढं ठरवायचं आहे. दिसण्याचा विचार शेवटी.

१३ एप्रिल

आकडेमोड. १६५ ही मिमीमध्ये रुंदी. ८० म्हणजे त्या रुंदीच्या ८० टक्के साइडवॉलची उंची, १३२ मिमी. डिस्क १४ इंच, म्हणजे ३५५.६ मिमी. त्यात वरची आणि खालची साइडवॉल मिळवली की पूर्ण चाकाचा व्यास ६१९.६ मिमी. पुढचे सगळे पर्याय या आकड्याशी ताडून पाहायचे, कारण स्पीडोमीटर, किलोमीटरची नोंद, गिअरची ओढ आणि चाकाभोवतीची मोकळी जागा हे सगळं याच व्यासावर बेतलेलं असतं.

ज्याला विचारावं तो १९५/६५ आर १५ सुचवतो. व्यास ६३४.५, म्हणजे २.४ टक्के जास्त. गाडी जमिनीपासून सात मिमी वर उचलली जाते, हाच काय तो फायदा. त्याबदल्यात प्रत्येक गिअर २.४ टक्क्यांनी लांब होतो. घाटात दुसऱ्या गिअरवर आधीच दम लागणाऱ्या १.२ लिटरच्या इंजिनाला ते नको आहे. मीटरवर १०० दिसताना गाडी आधीपेक्षा २.४ टक्के जास्त वेगात असणार. किलोमीटरही कमी मोजले जाणार : १००० किमी चाललं तर नोंद ९७७ ची. मोठे टायर टाकल्यावर अॅव्हरेज पडलं अशी तक्रार सर्रास ऐकू येते, त्यातला काही भाग खरा असतो आणि काही भाग नुसता या मोजणीचा असतो.

१९५/५५ आर १६ व्यासाला चोख बसतो, ६२०.९. पण साइडवॉल १०७ मिमी, आत्तापेक्षा पूर्ण २५ मिमी कमी. आपल्या रस्त्यांवर हे २५ मिमी फार महाग पडतात. २०५/५५ आर १६ मध्ये साइडवॉल थोडी वाढते, ११३ होते, पण व्यास ६३१.९ वर जातो. शिवाय एवढा रुंद टायर या इंजिनाला आणि या वजनाच्या गाडीला ओझंच आहे.

उरला १८५/६५ आर १५. व्यास ६२१.५, फरक दोन मिमीच्या आत, टक्केवारीत ०.३. साइडवॉल १२०, म्हणजे १२ मिमीच कमी. आणि महत्त्वाचं म्हणजे याच पिढीच्या स्विफ्टच्या झेडएक्सआय या वरच्या प्रकाराला कंपनीने हाच साईज दिला होता. तेच सस्पेन्शन, तेच मडगार्ड. मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलांत परस्पर बदल करायला मनाई करतं. कंपनीने त्याच मॉडेलला दिलेला साईज घेतला तर पुढे आरटीओत किंवा विम्याच्या दाव्यात कोणाला बोट ठेवायला जागा राहत नाही.

भाराचा आकडाही पाहिला. जुन्या टायरवर ८५, म्हणजे एका टायरला ५१५ किलो. १८५/६५ आर १५ वर साधारणपणे ८८ असतो, म्हणजे ५६० किलो. हा आकडा मूळच्यापेक्षा खाली जाऊ द्यायचा नाही. दुकानात टायरची किंमत आणि नक्षी दाखवतात, हे दोन अंक कोणी दाखवत नाही. आपणच वाकून वाचायचे.

१९ एप्रिल

साताऱ्यात आणि कराडात दुकानं पालथी घातली. १५ इंची, सहा जे रुंदीच्या अलॉयमध्ये (मिश्रधातूच्या चाकांत) दोन ऑफसेट मिळतायत, ४५ आणि ३८. ऑफसेट म्हणजे चाकाचा मध्य आणि हबला, म्हणजे चाक ज्यावर बोल्टने बसतं त्या गाडीकडच्या भागाला, टेकणारा पृष्ठभाग यांच्यातलं अंतर, मिमीमध्ये. दोन्ही "स्विफ्टला बसतात" असं सांगतात. बसतात हे खरं आहे, चार बोल्ट १०० मिमीच्या वर्तुळावर जुळले की कुठलंही चाक बसतं. ते कुठे बसतं हा खरा प्रश्न.

म्हणून घरी येऊन जुनी स्टील डिस्क मोजली. स्टेपनीचा टायर आधीच काढलेला होता, त्यामुळे नुसती डिस्क हातात होती. ती उलटी जमिनीवर ठेवली, वरच्या कडेवर सरळ फळी आडवी टाकली आणि फळीपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंत मोजपट्टी खाली सोडली : १२० मिमी. डिस्कची कडेपासून कडेपर्यंतची रुंदी १५०, तिची निम्मी ७५. १२० वजा ७५, ऑफसेट ४५. म्हणजे हबचा पृष्ठभाग चाकाच्या मध्यापासून ४५ मिमी बाहेरच्या अंगाला आहे आणि चाकाचा बहुतेक भाग गाडीच्या आत सरकलेला आहे.

आता हिशेब सोपा. पाच जे म्हणजे टायर बसतो तिथली रुंदी पाच इंच (वरच्या १५० मध्ये दोन्हीकडच्या कडाही आल्या), सहा जे म्हणजे सहा. ऑफसेट ४५ च ठेवला तर एका इंचाची वाढ दोन्हीकडे सारखी वाटली जाते, आत १२.७ मिमी आणि बाहेर १२.७ मिमी. ऑफसेट ३८ घेतला तर सगळं चाक सात मिमी बाहेर येतं : बाहेर १९.७, आत फक्त ५.७. आतल्या बाजूला शॉकअपपासून अंतर सुटतं म्हणून दुकानदार ३८ ला पसंती देतात, आणि चाक मडगार्डच्या रेषेत आल्यामुळे गाडी ऐसपैसही दिसते.

पण पुढच्या चाकाचा मध्य स्टिअरिंगच्या अक्षापासून जितका बाहेर सरकतो तितका रस्त्याचा प्रत्येक धक्का जास्त तरफेने स्टिअरिंगपर्यंत पोहोचतो. एक चाक डांबरावर आणि दुसरं साइडपट्टीच्या खडीवर असताना ब्रेक दाबला तर हातातली ओढ वाढते. घाटात समोरून एसटी आली की आपण नेमके असेच उभे असतो. बेअरिंगवरचा ताणही वाढतो. सात मिमीने आभाळ कोसळत नाही, पण फायदा काहीच नसताना घ्यायचं कशाला? ४५ ठरलं, आत जागा पुरत असेल तर.

२६ एप्रिल

जागा पुरते का, हे आज पाहिलं. कराडच्या एका दुकानदारांनी एक चाक टायरसकट चाचणीसाठी दिलं. "न्या तुम्ही, बसवून बघा, पण ओरखडा नको," एवढीच अट. मोठ्या मनाचा माणूस.

घरातून मळलेली कणीक घेतली. पुढच्या डाव्या बाजूला जुनं चाक काढून शॉकअपच्या नळीवर, टायरच्या भिंतीसमोर येईल अशा जागी कणकेचा जाडसर गोळा चिकटवला. दुसरा वर स्प्रिंगच्या बशीजवळ, तिसरा मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकवर मागच्या बाजूला. नवीन चाक हलक्या हाताने चढवलं, चारही नट लावले, चाक न फिरवता परत उतरवलं. शॉकअपवरच्या कणकेवर टायरची छपाई उमटली होती, साइडवॉलवरच्या अक्षरांची उलटी प्रतिमासुद्धा. त्या ठिकाणी कणीक सुरीने कापून जाडी मोजली : १४ मिमी. मला दहाच्या खाली नको होतं. स्प्रिंगच्या बशीजवळच्या गोळ्याला टायर लागलाच नव्हता.

मग चाक पुन्हा चढवून गाडी खाली उतरवली आणि स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवलं. मागच्या प्लास्टिकवरची कणीक थोडी पुसली गेली, तिथे पाच-सहा मिमी उरतात. जुना टायर तिथे बऱ्यापैकी लांब होता. पावसाळ्यात चिखल भरला की या जागेवर लक्ष ठेवावं लागेल. मागच्या चाकाची चाचणी चौघांना मागे-पुढे बसवून आणि डिकीत तांदळाची पोती टाकून केली. गल्लीतल्या गतिरोधकावरून हळू नेली, मडगार्डच्या कडेला कुठेही घासलं नाही.

चाचणीच्या चाकाच्या पाठीमागे जेडब्ल्यूएलची (अलॉय चाकांच्या जपानी मानकाची) खूण आणि भारक्षमता ५८० किलो ओतलेली आहे. टायरच्या ५६० पेक्षा जास्त, त्यामुळे चालेल. ज्या अलॉयवर भारच लिहिलेला नाही ते कितीही स्वस्त मिळाले तरी घ्यायचे नाहीत, हे माझं ठाम मत आहे. चाक तुटणं ही पंक्चरसारखी गोष्ट नाही.

३ मे

चार अलॉय, चार टायर आले. सगळ्या टायरवर आठवडा एकच, यंदाच्या जानेवारीतला.

बसवण्यापूर्वी वजन केलं, कारण "अलॉय म्हणजे हलकं" हे सगळेच म्हणतात. जुनं चाक टायरसकट साडेतेरा किलो. नवीन चाक टायरसकट सोळाच्या थोडं खाली. एकेका चाकामागे सव्वादोन-अडीच किलो वाढले. अलॉय धातू हलका असतो हे बरोबर, पण चाक एक इंचाने मोठं आणि एक इंचाने रुंद घेतलं की तो फायदा तिथेच संपतो, आणि वर रुंद टायरचं वजन येतं. हे वजन स्प्रिंगच्या खाली लटकतं आणि गरगर फिरतंही, म्हणून गाडीत ठेवलेल्या दहा किलोंपेक्षा ते जास्त जाणवतं. हलक्या चाकासाठी अलॉय घ्यायचे असतील तर मूळच्याच साईजचे घ्यावेत.

फिटिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट शहरातल्या एका मोठ्या दुकानात केलं. हवा दाराच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे. भारक्षमता वाढलेली असल्यामुळे दाब वाढवायची गरज नाही.

४ मे

हायवेवर उंब्रजपर्यंत जाऊन आलो. ८० पर्यंत छान. ८५ ते ९५ च्या दरम्यान स्टिअरिंगला बारीक थरथर, शंभरीला पुन्हा शांत. बॅलन्सिंगचा कागद चारही चाकांना शून्य दाखवतो. अलाइनमेंटचा हा त्रास नसतो, त्यात गाडी ओढते किंवा टायर एका कडेने खातो, ठराविक वेगाला थरथरत नाही. संशय हब रिंगवर.

१० मे

संशय खरा निघाला. स्विफ्टच्या हबचा मधला उंचवटा ५४.१ मिमीचा. बाहेरच्या बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक बऱ्याचदा ७३.१ मिमीचं असतं, म्हणजे एकच साचा अनेक गाड्यांना चालावा. मध्ये सगळीकडून साडेनऊ मिमीची पोकळी राहते. ती भरायला ७३.१ बाहेरून आणि ५४.१ आतून अशी प्लास्टिकची किंवा अॅल्युमिनियमची रिंग घालतात. अलॉयच्या खोक्यात चार रिंगा होत्या. दुकानात पुढच्या दोन चाकांना त्या घातल्याच नव्हत्या, पुडीत तशाच काउंटरवर पडून होत्या. मालकांनी वाद न घालता दोन्ही चाकं पुन्हा बसवून दिली.

रिंग वजन पेलत नाही, वजन नट आणि हबचा पृष्ठभाग पेलतात. रिंगचं काम चाक मधोमध धरून ठेवण्याचं. ती नसली आणि गाडीचा भार चाकावर असताना हवेच्या पान्याने एक नट पूर्ण आवळला, मग दुसरा, की चाक अर्धा मिमी एका बाजूला बसतं आणि तसंच राहतं. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक वेगळ्या शंकूवर मधोमध धरलेलं असतं, त्यामुळे तिथे हे दिसूच शकत नाही. यावेळी चाक हवेत असतानाच चारही नट समोरासमोरच्या क्रमाने हाताने बसवून घेतले आणि शेवटचा आवळा टॉर्कच्या (ठरवलेल्या जोरालाच थांबणाऱ्या) पान्याने दिला. नटही अलॉयबरोबरचे, १२ मिमी जाडीचे आणि १.२५ च्या आट्यांचे. १.५ च्या आट्यांचा नट दोन फेरे सुखाने जातो आणि मग बोल्टच खातो, म्हणून आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवून पाहायचे.

थरथर पूर्ण गेली. शंभर किमी चालल्यावर नट पुन्हा तपासले, दोन नट किंचित फिरले. नवीन अलॉयला हे होतंच.

जीपीएसशी मीटर ताडून पाहिला. मीटरवर ८० असताना जीपीएसवर ७६, जुन्या टायरवरही हेच होतं. ०.३ टक्क्यांचा फरक काट्यावर दिसण्यासारखा नाही.

१ जून

मान्सून यंदा मे संपायच्या आतच आला. चिपळूणला जाऊन आलो, कुंभार्लीत दोन्ही वेळा धुकं आणि पाऊस.

वळणातला फरक ज्यासाठी हा खटाटोप केला तो मिळाला. स्टिअरिंग फिरवल्यावर नाक लगेच वळतं, मधला कललेला क्षण लहान झालाय. उतारावर एकामागून एक येणाऱ्या वळणांत, डावीकडून उजवीकडे भार बदलताना हे सगळ्यात जास्त कळतं. अण्णा शेजारी बसले होते. गाडीतलं त्यांना फारसं काही सांगितलं नव्हतं, तरी हेळवाकच्या पुढे म्हणाले, "आज मला धरून बसावं लागत नाहीये."

ओल्या रस्त्यावर ब्रेकची पकड चांगली आहे. पण याचं श्रेय साईजला द्यायला मी तयार नाही. जुने टायर गोटा झालेले होते, नव्या रबराची आणि आठ मिमी खोल नक्षीची तुलना त्यांच्याशी कशी करणार? उलट साचलेल्या पाण्यात रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. हायवेवर उंब्रजच्या अलीकडे एका लांब डबक्यात स्टिअरिंग क्षणभर हलकं झालं, तेव्हा वेग सत्तरच्या आसपास होता. अरुंद टायर अशा ठिकाणी पाणी लवकर कापतो. पावसात हायवेला वेग खालीच ठेवायचा, टायर नवा असला तरी.

तोटेही लिहून ठेवतो. पार्किंगमध्ये स्टिअरिंग जड झालंय, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असूनही कळण्याइतकं. जड वाहनांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत गाडी त्यांच्या मागे जायला बघते. बारीक सांधे, पुलांचे जोड आता बसायच्या जागेपर्यंत येतात. गल्लीत वळवताना लागणारी जागा मात्र तेवढीच आहे.

मागच्या प्लास्टिकवर, कणीक पुसली गेलेल्या जागी, चिखलाचा थर चकचकीत घासलेला दिसला. टायर प्लास्टिकला लागत नाही, थराला लागतो. पावसाळाभर दर धुण्याला तिथे पाण्याची धार मारायची.

२० जुलै

पाटणच्या पुढे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं डावं चाक जोरात आदळलं. घरी येऊन चाक काढलं. साइडवॉलवर बाहेरून आणि आतून हात फिरवला, फुगा नाही. आतली बाजू पाहणं महत्त्वाचं, कारण फुगा तिकडेही येऊ शकतो आणि चाक गाडीला असताना दिसत नाही. डिस्कची कड फिरवून, समोर पेन्सिल धरून पाहिली, अंतर बदलत नाही. तडा नाही. १२० मिमीची भिंत पुरली. १०७ असती तर काय झालं असतं ते ताडून पाहायची मला हौस नाही. स्टीलची डिस्क वाकली तर गावातलाही माणूस ठोकून देतो. अलॉयला तडा गेला तर मी वेल्डिंग करून वापरणार नाही, सरळ नवीन घेईन.

३१ ऑगस्ट

टाकी भरून ते टाकी भरेपर्यंतच्या नोंदी. अॅव्हरेज आधी लिटरला साडेसतरा किमीच्या आसपास होतं, आता सतरा. किलोमीटरची मोजणी जवळपास तीच असल्यामुळे हा फरक खरा आहे : वजन वाढलं, रुंदी वाढली. चढाला दुसऱ्या गिअरवरून उचल घेतानाही किंचित आळस जाणवतो. घाटातल्या वळणांसाठी एवढी किंमत मला मान्य आहे. फक्त शहरात फिरणाऱ्याला मी मूळच्या साईजचे चांगले टायर घ्यायलाच सांगेन, उरलेल्या पैशांत शॉकअप तपासून घ्यावेत.

१४ सप्टेंबर

विम्याचं नूतनीकरण. अलॉय बाहेरून बसवलेली अॅक्सेसरी धरतात, म्हणून त्यांची किंमत पावतीसह पॉलिसीत वेगळी नोंदवून घेतली. नोंद नसेल तर चोरीला गेल्यावर त्यांचे पैसे मागता येत नाहीत.

स्टेपनीचा प्रश्न मिटवला. डिकीतल्या जागेत पंधरा इंची रुंद चाक ठेवलं की वरचा पत्रा नीट बसत नाही, म्हणून स्टीलची १४ इंची डिस्कच ठेवली आणि तिच्यावर १६५/८० चा एक नवा टायर चढवला. व्यासातला फरक दोन मिमीच्या आत असल्यामुळे ती पुढे लावली तरी डिफरन्शियलला (इंजिनाची ताकद पुढच्या दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरला) त्रास नाही. तरी पकड दोन्हीकडे सारखी नसते, म्हणून ८० च्या खाली चालवून पहिल्या दुकानाला बदलायची. अलॉयचे नट आणि स्टीलचे नट वेगळे आहेत, त्यामुळे जुने चार नट आणि त्यांचा पाना कापडी पिशवीत घालून स्टेपनीच्या मधल्या पोकळीत बांधून ठेवले. घरात गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना पिशवी काढून दाखवली.

टायरची अदलाबदल डिसेंबरच्या सुमारास : पुढचे सरळ मागे, मागचे डावे-उजवे बदलून पुढे. त्याच वेळी हब रिंगा बाहेर काढून गंज पुसायचा.